माहेरचा रकाना

१२ ऑगस्ट ८७, नागपूर

प्रशिक्षणाचा तिसरा दिवस. यंत्राच्या खोलीत चपला बाहेर काढून जायचं. आत एवढा गारठा की ऑगस्टमध्ये मफलर गुंडाळून बसलो. यंत्राला ऊन सोसत नाही म्हणे. आम्ही सगळे निरनिराळ्या जिल्ह्यांचे सांख्यिकी सहाय्यक, सगळे चाळिशीपुढचे. मास्तर पंचविशीतला. हिंदीत शिकवतो, मध्येच इंग्रजीत घसरतो.

आज ‘कॅन्डिडेट की’. वहीत मराठी करून लिहिलं : उमेदवार किल्ली. टेबलात एक ओळ म्हणजे एक माणूस. ज्या रकान्यांवरून ती ओळ नेमकी ओळखता येते, तिच्यासारखी दुसरी निघत नाही, ते रकाने मिळून एक उमेदवार. उमेदवार कितीही असोत, निवडून एकच द्यायचा. अट अशी की उमेदवारात फालतू रकाना नको. एखादा काढूनही ओळख पटत असेल तर तो काढायचाच.

शेजारचा चंद्रपूरवाला कानात म्हणाला, "बाकीच्याइचं डिपॉझिट जप्त का?" हसू दाबता दाबता खोकला आला. मास्तरनं रोखून पाहिलं.

बावीस वर्षं रजिस्टरं भरतो आहे. ओळ म्हणजे काय, हे आजवर कोणी विचारलं नव्हतं. आवडलं मला हे.

१४ ऑगस्ट

‘नल’. रिकामा रकाना. मास्तर म्हणाला, रिकामा म्हणजे शून्य नव्हे, आणि ‘नाही’ असंही नव्हे. रिकामा म्हणजे ‘माहीत नाही’. किल्लीच्या रकान्यात ‘माहीत नाही’ चालत नाही. तशी ओळ घ्यायचीच नाही, परत पाठवायची.

सौ.साठी संत्राबर्फी घेतली. उद्या-परवा सुटी, सोमवारी परीक्षा.

२ सप्टेंबर, भंडारा

साहेबांनी बोलावलं. लाखनीकडच्या एका आरोग्य केंद्राची गावं नमुना म्हणून घ्यायची, तिथल्या सगळ्या गरोदर बायांची नोंद यंत्रावर चढवायची. मार्चअखेर. टेबल कसं असावं ते मी ठरवायचं. साहेब म्हणाले, "तुम्ही शिकून आलात, तुम्हीच बघा." म्हणजे चुकलं तर मीच.

७ सप्टेंबर

केंद्रावर गेलो. डॉक्टर नवीन, नागपूरचा मुलगा, बरा वाटला. खरं काम रामटेकेबाईंचं. नर्सबाई, अठरा वर्षं याच गावांतून सायकलनं फिरतात. (पुढे रा.बाई.)

त्यांच्याकडे एक वही आहे, कमरेला खोचून नेण्याएवढी. नोंदी पाहून डोक्याला हात लावला. ‘साकोलीवाली थोरली, ५ महिने.’ ‘पवनीवाली, पाय सुजले.’ ‘देव्हाडीवाली’, ‘मोहाडीवाली लहान’. नाव म्हणून कुठं नाही.

म्हटलं, बाई, यांना नावं नाहीत का?

"हायेत जी. पर त्या नावानं बलावते कोन? सून घरात आली का तिच्या मायेरच्या गावानंच बलावते. पुऱ्या गावात देव्हाडीवाली म्हना, पोट्टं बी घर दाखवते."

"आणि एका गावात दोघी देव्हाडीच्या निघाल्या तर?"

"तं एक थोरली, एक लहान. त्यात काय हाये?"

समजावून सांगितलं की यंत्राला असलं चालत नाही. फॉर्म मी तयार केला : बाईचं नाव, नवऱ्याचं नाव, गाव. या तिन्हींची मिळून किल्ली. रा.बाईंनी फॉर्म उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, माहेर कुठं लिहू? मी तो रकाना आधी घातला होता, नंतर काढला. तीन रकान्यांत ओळख पटते, चौथा फालतू. शिवाय माहेराचा आणि तब्येतीचा काय संबंध. त्यांनी फॉर्मची घडी घालून पिशवीत टाकली. मास्तरनं पाठ थोपटली असती.

२८ सप्टेंबर

रा.बाईंची वही मागून आणली. फॉर्म भरून झाले, आता तीच माहिती दोन ठिकाणी नको. अभिलेख खोलीत जमा केली, पावती दिली. पावती पाहून त्या हसल्या. का ते कळलं नाही.

१० ऑक्टोबर

फॉर्म चढवणं सुरू. पहिल्या गठ्ठ्यातच गोंधळ. तिसेक बायांच्या नवऱ्याचं नाव कोरं. ही अट मीच घातलेली, तेव्हा ओळी गेल्या परत. यंत्र टुंई असा आवाज काढतं. दिवसभर टुंई टुंई.

रा.बाईंना निरोप पाठवला. दुपारी स्वतःच आल्या, एस.टी.च्या धुळीनं भरलेल्या.

"साहेब, बाई आपल्या नवऱ्याचं नाव कशी घेईन?"

हे मला सुचायला हवं होतं. माझी आई कधी घेत नसे, सौ. उखाण्यात घेते आणि तेही वर्षातून एकदा. म्हटलं, मग शेजारणीला विचारा, सासूला विचारा.

"सासूले विचारलं तं ते मंते, आमच्या गोप्याची बायको. शाळेत त्याचं नाव काय, ते तिले बी मालूम नाई."

म्हटलं, काहीही लिहा, पण कोरं नको.

१९ ऑक्टोबर

फॉर्म परत आले. नवऱ्याचं नाव : ‘गोप्या’. ‘पाटलाचा लहानगा’. ‘मैनाचा बाप’. ‘ट्रकवर असते’. एका ठिकाणी ‘तेच’.

दहा मिनिटं पेन हातात धरून बसलो. मग चढवले. किल्ली कुठं दोनदा आली नाही, कुठं रिकामी नाही. यंत्रानं मुकाट्यानं घेतलं.

२० नोव्हेंबर

सगळ्या ओळी चढल्या. दुहेरी नोंद काढायचा प्रोग्रॅम चालवला : एकही नाही. साहेबांना दाखवलं. साहेबांनी त्यांच्या साहेबांना दाखवलं. चहा आला. बिस्किटांसकट.

२२ नोव्हेंबर, रविवार

सौ.ला टेबल म्हणजे काय ते सांगत होतो. लसूण सोलत ऐकत होती. मग म्हणाली, "मंग मी तुमच्या यंत्रात एक ओळ का दोन?"

एकच की, म्हटलं.

"लग्नाच्या आधी मी कुसुम होतो. देवीची लस काढली, शाळेत गेलो, समदं कुसुम. तुमी ताटात तांदूळ पसरून अंगठीनं वसुधा लिवलं. मले तं दिसलंबी नाई, मुंडावळ्या डोळ्यावर आल्या होत्या. बाजूच्या बाईनं सांगितलं, आता तू वसुधा. चार दिवस कोनी हाक मारली का कोनाले बलावून राहिले म्हून मी मांगं पाहो."

तेवीस वर्षांत हे पहिल्यांदा सांगितलं तिनं. वसुधा हे नाव मला कसं सुचलं तेही आठवेना. वाईट वाटलं. तिला नाही वाटलेलं दिसलं, ती लसूणच सोलत होती.

८ डिसेंबर

तुमसरच्या दवाखान्यातून डॉक्टरकडे पत्र. त्यांच्याकडे बाळंत झालेल्या, रक्त निगेटिव्ह असलेल्या तीन बाया लग्न करून आपल्या भागात दिलेल्या आहेत, त्यांच्यावर लक्ष ठेवावं. डॉक्टरनं पत्र माझ्याकडे पाठवलं, यंत्रावर शोधा म्हणून. म्हणजे यंत्राचं पहिलं खरं काम.

दोघी लगेच सापडल्या. दोघींना नागपूरला पाठवायची व्यवस्था आधीच झालेली, काळजी नाही. तिसरी :

‘बेबी, वडील सुखदेव, रा. देव्हाडी. ८४ साली पहिली मुलगी, सुखरूप. नवऱ्याचे नाव — . सासर लाखनीकडे. पुढील प्रत्येक बाळंतपण नागपूरलाच करावे.’

‘बेबी’ शोधलं. शून्य ओळी. ‘बेबीबाई’, शून्य. ‘बेबीताई’, शून्य.

उत्तर लिहिलं : सदर महिला आमच्या क्षेत्रात नाही. सही, शिक्का.

११ डिसेंबर

डॉक्टर स्वतः आला, फटफटीवर, लाखनीहून ट्रकांच्या मागून धूर खात. माझं उत्तर हातात.

"काका, नाही म्हणजे नाही, की सापडली नाही?"

 हा तर मास्तरचा प्रश्न.

त्यानं समजावून सांगितलं. आईचं रक्त निगेटिव्ह, पोटातल्या लेकराचं पॉझिटिव्ह. पहिलं वाचतं. पण त्या बाळंतपणात आईच्या रक्ताला लेकराच्या रक्ताशी वैर धरायची सवय लागते. पुढचं लेकरू जन्मल्यावर पिवळं पडतं आणि दोन-तीन दिवसांत जातं. मोठ्या दवाखान्यात असलं तर त्याचं रक्त बदलतात, मग वाचू शकतं. केंद्रावर रक्त तपासायची सोय नाही. "ती बाई आता गरोदर असेल आणि घरीच बाळंत झाली, तर काही करता येणार नाही."

गेला. चहा घेतला नाही.

१२ डिसेंबर

विचार केला. दुहेरी नोंद एकही नाही म्हणून खूश होतो. बाई माहेरी एका नावानं आणि सासरी दुसऱ्या नावानं आली, तर ती दुहेरी दिसणारच कशी? दोन निराळ्या बाया दिसतील, दोन्ही बरोबर. टेबल साफसूफ, आणि खोटं.

आईबापानं दिलेलं नाव गेलं. बापाचं नाव गेलं. गाव बदललं. जन्मतारीख तिला माहीत नाही. नवऱ्याचं नाव ती घेत नाही. मी निवडून दिलेल्या उमेदवारात तिचं स्वतःचं असं काय होतं?

उत्तर मागे घेतल्याचं पत्र तुमसरला टाकलं. बावीस वर्षांत पहिलं.

१५ डिसेंबर

केंद्रावर. रा.बाईंना विचारलं, देव्हाडीची कोणी बाई, आता गरोदर?

"देव्हाडीवाल्या तं तीन-चार हायेत जी. कोनती कोन्या गावची, कोनाले दिवस गेले, ते समदं वहीत होतं. वही तुमी जमा केली."

एवढं बोलून सुया उकळायला ठेवल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

१६ डिसेंबर

अभिलेख खोली. वही नाही. शिपाई म्हणाला, जुन्या वह्यांचे गठ्ठे मागच्या खोलीत. मागच्या खोलीत पोती. दुपारपर्यंत चाळली. नाकातोंडात धूळ, अंगावर झुरळं. नाही सापडली.

१७ डिसेंबर

सापडली. जमा झाली होती ती फक्त पावतीची नक्कल, फाईलला लावलेली; वही पंख्याच्या वाऱ्यानं कागद उडू नयेत म्हणून टेबलावर, माझ्याच. टपालाच्या तबकाखाली. तीन महिने.

तीन देव्हाडीवाल्या. एक म्हातारी, मोतीबिंदूची नोंद. एक पोहऱ्याची, तिचं ऑपरेशन झालेलं. तिसरी :

‘देव्हाडीवाली, चिचटोला. ४ महि. पहिली पोरगी मायेरी झाली, चांगली. मांगचं घरी झालं, पिवळं पडून तिसऱ्या रोजी गेलं. लक्ष ठेवणे.’

सगळं होतं. गरोदर असल्याचं, माहेरचं, पिवळं पडल्याचं. सगळं एका ओळीत, आणि त्या ओळीची किल्लीही पहिल्याच शब्दात. मी ती वाचून फॉर्म दिला होता.

लाज वाटली. दुसरा शब्द नाही.

चार महिने सप्टेंबरात. म्हणजे आता सात.

यंत्रावर चिचटोला काढलं. त्या महिन्यांत बसणारी एकच : शेवंता. नवऱ्याचं नाव : मैनाचा बाप.

१९ डिसेंबर

डॉक्टर, रा.बाई, मी. जीप पोहऱ्याच्या पुढं बंद, शेवटचे दोन मैल पायी, धानाच्या कापलेल्या बांध्यांमधून. चिचटोला पंधरा-वीस घरं. रा.बाईंनी पहिल्याच अंगणात विचारलं, "देव्हाडीवाली घरी हाये का?" म्हातारा खाटेवरून न उठता हातानं दाखवता झाला. यंत्राला एवढं जमलं नसतं.

बाई बारीक, सव्वीस-सत्तावीसची. अंगणात सुपानं धान पाखडत होती. तीन वर्षांची पोर तिच्या पदराला. हीच मैना. डॉक्टरनं विचारलं, तुमचं माहेरचं नाव बेबी?

तिनं सासूकडं पाहिलं. मग मान हलवली.

डॉक्टर बोटातून रक्त घ्यायला लागला, बाटलीत भरून नेऊन तपासायला. सासू आली. नागपूरचं नाव काढलं आणि बुढी अडूनच बसली.

"नागपूरले कायले? मांगचं लेकरू बी घरीच झालं. बाहेरचं लागलं म्हून गेलं. येक डाव रीत बिघडली, मायेरी बाळतीन झाली नाई, म्हून गेलं. तवा लाखोरीचं पीक उपटाचं राहीन, गोप्याले कोन सोडते?"

गोप्या! म्हणजे ‘मैनाचा बाप’ही नाव नव्हे, आणि नवऱ्याचं नाव ‘गोप्या’ असं माझ्याकडे दुसऱ्याच कोणा बाईपुढं आहे.

रा.बाई बुढीशेजारी टेकल्या आणि दुसरंच काही बोलत बसल्या, लाखोरीचं, कोणाच्या लग्नाचं. अर्ध्या तासानं बुढी म्हणाली, बघू.

२३ डिसेंबर

रक्त निगेटिव्ह. तीच.

४ जानेवारी ८८

नवं टेबल मांडलं. एक नव्हे, दोन. पहिल्यात बाईला एक नंबर, तो आयुष्यभर तोच, दुसरी कुठली ओळख त्यात नाही. दुसऱ्यात नावं : नंबर, नाव, कोणत्या गावात चालतं. एका नंबराला कितीही नावं. आणि माहेरचा रकाना.

साहेबांना दाखवलं. "पहिलं चांगलं चाललंय ना? मार्चअखेर आहे." म्हटलं, चाललेलं नाही. साहेब म्हणाले, मग एप्रिलमध्ये बघू.

जेवणाच्या सुटीत माझं मीच चढवतो आहे. नंबर १ : देव्हाडीवाली.

२९ जानेवारी

बुढी अजून बघतेच आहे. गोपाळ (गोप्याचं खरं नाव, रा.बाईंनी रेशनच्या कार्डावर वाचलं) हो म्हणतो आणि आईसमोर गप्प बसतो. डॉक्टर म्हणतो, फार तर दोन आठवडे.

३ फेब्रुवारी

चिचटोला. आज न्यायचंच असं ठरवून गेलो. जीप दुरुस्त.

बुढी शेतात लाखोरी उपटायला गेलेली. मुद्दाम गेली असं रा.बाई म्हणतात. नाही म्हणायलाही नको आणि हो म्हणायलाही. बाईनं गाठोडं बांधून ठेवलं होतं. मैनाला शेजारणीकडे दिलं, मागं वळून पाहिलं नाही.

नागपूरच्या दवाखान्यासाठी चिठ्ठी लिहायची होती. डॉक्टरनं माझ्याकडे दिली, अक्षर चांगलं म्हणून. ‘नाव’ या शब्दापुढं मी शेवंता लिहायला लागलो. केंद्राच्या सगळ्या कागदांवर तेच, यंत्रावर तेच.

जीपमध्ये बसलेली बाई वाकून पाहत होती. अक्षरओळख आहे तिला, चौथी झालेली.

"साहेब, काय लिवलं?"

सांगितलं.

"ते नका लिवू. बेबी लिवा."

का, म्हटलं.

"बेबीचं लेकरू जगलं. शेवंताचं राह्यलं नाई."

रक्ताचं सगळं गेल्या महिन्यात डॉक्टरनं तिला समजावून सांगितलं होतं, तिनं ऐकूनही घेतलं होतं. मी तेच परत सांगायला तोंड उघडलं. ती माझ्याकडं नाही, पेनाकडं पाहत होती.

बेबी लिहिलं. शेवंताचा ‘शे’ खोडला. डॉक्टर म्हणाला, काका, आपल्या नोंदीशी जुळणार नाही हे. म्हटलं, तुमसरच्या पत्राशी जुळेल. हे खरंही आहे. पण मी लिहिलं ते त्यासाठी नाही.

जीप गेली. मी एस.टी.नं परत.

९ फेब्रुवारी

रा.बाई नागपूरहून परत आल्या. बाई भरती झाली, गोपाळ व्हरांड्यात झोपतो. अजून झालेली नाही.

१३ फेब्रुवारी

काही नाही. नव्या टेबलात पस्तीस बाया झाल्या. सौ.नं विचारलं, त्या देव्हाडीवालीचं काय झालं? घरात आता हाच विषय.

१७ फेब्रुवारी

साहेबांच्या फोनवरून नागपूरला ट्रंककॉल लावला. दीड तासानं लागला. वॉर्डातल्या कारकुनाला म्हटलं, चिचटोल्याची बेबी.

"बेबी? काका, इथं समद्या बेबीच हायेत. लेकराचं नाव ठेवलेलं नसते ना, आम्ही बेबी लिहितो. बेबी ऑफ अमुक. आईचं नाव सांगा."

"आईचं नावच बेबी."

पलीकडे हसल्याचा आवाज. मग पानं उलटल्याचा. मग वाचलं त्यानं : बेबी ऑफ बेबी. परवा झाली. मुलगी. पिवळी आहे, रक्त एकदा बदललं, पुन्हा बदलावं लागेल. काचेत ठेवली आहे. आईला ताप आहे.

मुलगी. काचेत. ‘परवा’ म्हणजे तिसरा रोज आज.

कार्यालयात कोणाला सांगितलं नाही. घरी सांगितलं. सौ. देवापाशी जाऊन बसली. मला बसता येत नाही, मी गच्चीवर फेऱ्या मारल्या.

२० फेब्रुवारी

फोन लागला नाही. ऑपरेटर म्हणाली, सर्किट बिझी. तीनदा.

२३ फेब्रुवारी

लागला. सकाळी साडेअकरा. साहेब बैठकीला गेलेले. तोच कारकून, आवाज ओळखीचा. मागं कुठंतरी बादली सरकवल्याचा आवाज, लेकरं रडतात. म्हटलं, मी भंडाऱ्याहून बोलतो, बेबीची चौकशी.

"बेबी? ते चिचटोल्याची ना? गेली."

"गेली?"

"हो, सकाळीच गेली."

म्हटलं, कोण गेली? आई की लेकरू? गेली म्हणजे घरी...

ट्रंककॉलची तीन मिनिटं संपली. खट्.

परत लावायला सांगितलं. संध्याकाळपर्यंत लागला नाही. डॉक्टर रजेवर. रा.बाई गावांवर, त्यांना निरोप मिळायला दोन दिवस. साहेब आले, म्हणाले तब्येत बरी नाही का तुमची, घरी जा.

घरी गेलो नाही. यंत्राच्या खोलीत गेलो, चपला काढून. नंबर १ ची ओळ उघडली. शेवटी दोन रकाने आहेत, मीच केलेले : आई, बाळ. प्रत्येकात एकच अक्षर भरायचं, सुखरूप किंवा मृत. कर्सर लुकलुकत होता. दोन्ही रिकामे ठेवले. मास्तरनं सांगितलेला अर्थ पाठ होता, तो असा अंगावर येईल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

‘घरी गेली’ असंच असेल. ‘सकाळीच गेली’ म्हणताना त्याचा आवाज साधा होता. पण अशा वॉर्डात बसून बसून माणसाचा आवाज साधाच होत असेल. तापाचंही काही बोलला नाही. मीही विचारलं नाही.

सौ.ला सांगितलं. जसंच्या तसं, त्याच शब्दात. तिनं देवापुढची वात सारखी केली. मग म्हणाली, "तुमी स्वतः जा."

उद्या साडेसहाची एस.टी. पोहऱ्यापर्यंत, पुढं पायी. अंगणात बुढी असेल, मैना असेल. त्यांना माझ्याआधी कळलेलं असेल किंवा काहीच कळलेलं नसेल. आणि मी दारात उभा राहून विचारायचं ते काय, ‘बेबी आली का?’ बेबी आईही आणि लेकरूही, त्यांनी हो म्हटलं तरी कोण आली आणि कोण नाही ते कळायचं नाही.